हेल्मेट वाढत्या अंगाचे नको

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या आवारात मुलांची सायकल फेरी झाली. त्या सकाळी फेरी सुरू होण्यापूर्वी केलेले हे भाषण. काही रहिवाशांनी मागणी केल्यामुळे मजकूर जवळजवळ बोललो तसाच दिला आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटे दिली आहेत. दहा मिनिटांत हे होणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. विषय मी मागून घेतलेला आहे : लहान मुलासाठी सायकलचे हेल्मेट कसे निवडावे. पत्रिकेत या विषयापुढे माझे नाव वाचून काल कट्ट्यावर एकाने विचारले, "काय हो, पंचाहत्तरीकडे निघालात आणि आता सायकलचं हेल्मेट कुठून सुचलं?" दुसऱ्याने आठवण करून दिली की हे पुणे आहे, इथे हेल्मेट हा शब्द जपून उच्चारावा. खरे आहे. हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढणारे आपलेच शहर, आणि त्या वादात माझे वजन कोणत्या पारड्यात होते हे कट्ट्यावरच्यांना माहीत आहे. पण तो वाद मोठ्या माणसांच्या डोक्यांचा झाला. मी आज बोलतो आहे ते दोन ते आठ वर्षांच्या डोक्यांबद्दल. त्यांना मोर्चा काढता येत नाही आणि दुकानात जाऊन आपल्या मापाचे हेल्मेटही घेता येत नाही. ते आपणच घेतो. आणि मी ते चुकीचे घेतले, म्हणून मी इथे उभा आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नातीला पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून मी तिला सायकल घ्यायचे कबूल केले होते. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सायकल आणाल त्याच दिवशी हेल्मेटही आणा. हेल्मेटशिवाय खाली पाठवणार नाही." मी मनात म्हटले, आवारात फिरवायची सायकल, त्याला कशाला हेल्मेट? पण सुनेचा शब्द होता. दुकानात दोन मापे होती. एक लहान, एक मोठे. किंमत सारखीच. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोठं घ्या. पोरं काय, बघता बघता वाढतात. चार वर्षं बघायला नको."

आता सांगा, छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे पटणार नाही तर कोणाला? आपण शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतो. बूट एक नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबतो. माझ्या वडिलांनी माझी मुंजीतली टोपीसुद्धा वाढत्या डोक्याची घेतली होती, ती लग्नापर्यंत टिकेल या हिशेबाने. मी मोठे हेल्मेट घेतले. घरी आल्यावर ते नातीच्या डोक्यावर उपड्या पातेल्यासारखे फिरायला लागले, तेव्हा मी आत रुमालाची जाड घडी बसवली. ही घडी बसवून मी स्वतःवर खूष झालो होतो, हे मुद्दाम सांगतो.

तीन आठवड्यांनी सी विंगच्या रॅम्पवरून ती खाली येत होती. वेग काही नव्हता, मी बाजूने चालतच होतो. पावसाळी गटाराच्या जाळीवर पुढचे चाक तिरके झाले आणि ती पुढे पडली. बागेच्या कडेला जो सिमेंटचा काठ आहे ना, त्यावर. मी उचलले तेव्हा हेल्मेट तिच्या डोक्यावरच होते, पण कुठे? पार मागे, अंबाड्याच्या जागी. पट्टा गळ्याशी आलेला. रुमालाची घडी बाहेर लोंबत होती. आणि डाव्या भुवईच्या वर, जिथे हेल्मेट असायला हवे होते तिथे, पाच टाके.

टाके घालताना डॉक्टरांनी मला विचारले, "हेल्मेट नव्हतं का?"

मी म्हटले, "होतं की."

"मग कुठे होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

बँकेत काही गैर घडले की आम्ही आधी माणसाला धरत नसू, आधी व्हाउचर काढत असू. मीही तसेच केले. चूक कुठे झाली याचा शोध घेत बसलो, मुलाला कामाला लावले, परदेशातली मानके वाचली, चार दुकाने फिरलो, दुकानदारांना पिडले. त्यातून जे हाती आले ते सांगतो.

सुरुवातीला त्या प्रश्नाचे उत्तर, जो निम्म्या आजी-आजोबांच्या मनात आहे : "आमच्या वेळी कुठे होती हेल्मेटं? आम्ही काय मेलो?" पुणे हे सायकलींचे शहर होते आणि मी स्वतः भाड्याची सायकल तासावर घेऊन शिकलो, गुडघे फोडून घेतले. पण मी मातीवर पडत होतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा या आवारात मुरूम होता, हे जुन्यांना आठवत असेल. पावसात चिखल व्हायचा म्हणून आपणच ठराव करून पेव्हर ब्लॉक बसवले, कडेला सिमेंटचे काठ घातले, रॅम्प केला. त्या कामाच्या चेकवर खजिनदार म्हणून माझीच सही आहे. चिखल गेला, बरे झाले. पण मुले आता दगडावर पडतात, आणि तिथे साठ-सत्तर चारचाकीही फिरतात.

दुसरी गोष्ट वेगाची. "पोर हळू चालवतं, काय होणार?" असे आपण म्हणतो. डोके नुसते एक मीटर उंचीवरून खाली आले, सायकल उभी असली तरी, ते जमिनीवर आपटते तेव्हा त्याचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे गणित आहे, कोणीही करून पाहावे. सायकलच्या वेगाचा याच्याशी फारसा संबंध नाही, उंचीचा आहे. त्यातून लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड, मान नाजूक. म्हणून ती डोक्यावर पडतात.

हेल्मेट यात काय करते? वरचे रंगीत प्लास्टिक बघून आपल्याला वाटते की ते कवच आहे, चिलखतासारखे. खरे काम करतो तो आतला जाड थर. तो थर्माकोलच्या जातीचा असतो, पॅकिंगमधल्या थर्माकोलपेक्षा बराच घट्ट. डोके दगडावर थेट आपटले तर ते क्षणार्धात जागच्या जागी थांबते, आणि तो सगळा हिसका मेंदूला बसतो. मध्ये दोनेक सेंटीमीटरचा तो थर असला की तो चिरडत जातो, आणि चिरडायला जो वेळ लागतो तेवढ्या वेळात डोके सावकाश थांबते. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तोच प्रकार. आणि एकदा चिरडलेला थर परत फुगत नाही. म्हणून मोठा आपट खाल्लेले हेल्मेट, वरून कितीही नवे दिसले तरी, बाद करायचे. एकदा वटलेला चेक पुन्हा वटत नाही.

आता बाजारात काय मिळते बघा. गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड आणि हेल्मेट असा एक संच जाळीच्या पिशवीत घालून खेळण्यांच्या दुकानात टांगलेला असतो. स्वस्त असतो, रंग छान असतात, मुले त्याच्यावरच बोट ठेवतात. त्यातले बरेचसे हेल्मेट म्हणजे आत स्पंजच्या चार पट्ट्या चिकटवलेली प्लास्टिकची वाटी. आत अंगठा घालून दाबून पाहा. सगळीकडे मऊ लागले आणि दाबलेले लगेच वर आले, तर तो नुसता स्पंज आहे. तो टोचू नये म्हणून असतो, वाचवण्यासाठी नाही. स्पंजच्या मागे घट्ट, कडक थर्माकोल लागलाच पाहिजे. तो नसेल तर ते खेळणे आहे, दिवाणखान्यात घालायला हरकत नाही.

थर आहे असे दिसले की आतले लेबल शोधा. चष्मा लावून शोधा, अक्षरे बारीक असतात. युरोपचे मानक असेल तर 'ईएन 1078' असे लिहिलेले असते, अमेरिकेचे असेल तर 'सीपीएससी'. यातला कुठलाही एक असला तर ते हेल्मेट प्रयोगशाळेत खरोखर आपटून पाहिलेले असते. युरोपच्या चाचणीत आत डोक्याच्या आकाराचा धातूचा गोळा घालून हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून सपाट लोखंडावर सोडतात, आणि सुमारे एक मीटरवरून फुटपाथच्या काठासारख्या टोकदार कोनावर. हा दुसरा भाग वाचला तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवावे तसा कागद खाली ठेवला. बागेचा तो काठ डोळ्यांपुढे आला. अमेरिकेच्या लेबलवर वयही असते : एक वर्षापुढे किंवा पाच वर्षांपुढे. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हेल्मेटने डोक्याचा जास्त भाग झाकावा लागतो, विशेषतः मागचा. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला 'पाच वर्षांपुढे'वाले घेऊ नका. आयएसआयचा 4151 क्रमांक असलेले हेल्मेट मोटरसायकलवाल्यांचे. ते चांगलेच असते, पण वजनाला भारी आणि बंद. पाच वर्षांच्या मुलीला ते घालून बागेला चार फेऱ्या मारायला लावले तर ती पाचव्या फेरीला सायकलच सोडून देईल.

पण मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. माझ्या त्या मोठ्या हेल्मेटवरही 1078 चे लेबल होते. थर होता, लेबल होते, पावती होती. कागदपत्रे सगळी बरोबर! प्रयोगशाळेतला तो धातूचा गोळा त्या हेल्मेटच्या मापाचा असतो आणि पट्टा नीट आवळलेला असतो. रुमालाच्या घडीची चाचणी जगात कोणी घेत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचा भाग मापाचा. शिंप्याची मऊ टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सर्वांत फुगीर भाग असतो त्यावरून फिरवा. टेप नसेल तर सुतळी फिरवून पट्टीवर मोजा. सेंटीमीटरमध्ये मोजा, कारण हेल्मेटवरचे आकडे सेंटीमीटरमध्येच असतात : 46 ते 51, 48 ते 54, 52 ते 56 असे काहीतरी. कंपनीगणिक ते थोडे बदलतात. 'लहान', 'मध्यम' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. वयावर तर अजिबात नको. आमच्या नातीचे डोके तेव्हा 50 भरले. मी घेतलेल्या हेल्मेटवर 54 ते 58 लिहिले होते. म्हणजे ते जवळजवळ माझ्या मापाचे होते. वाचलेच नव्हते मी.

आणि आता तो वाढत्या अंगाचा हिशेब. हा मी नीट बसून केला, कारण माझी खरी चूक इथे होती. मूल वाढते ते हातापायांनी. डोके फार हळू वाढते. पहिल्या वर्षात ते भराभर वाढते, साधारण 45-46 सेंटीमीटरवर येते. पुढे दुसऱ्या वाढदिवसापासून पाचव्या वाढदिवसापर्यंत, तीन वर्षांत, किती वाढत असेल? अडीच सेंटीमीटरच्या आसपास. पाचव्या वर्षी 50 च्या घरात आणि मोठेपणी 55-57. बूट वर्षात दोनदा लहान होतात, म्हणून मोठे घेणे समजू शकतो. डोक्याला ही घाईच नाही! मागे चकती फिरवून आतली रिंग घट्ट-सैल करायची सोय आजकाल बहुतेक बऱ्या हेल्मेटना असते. 48 ते 54 च्या मापाचे हेल्मेट पाच वर्षांच्या मुलाला आज घट्ट बसवून पुढची दोन-तीन वर्षे सहज जाते. म्हणजे मी ज्या बचतीसाठी मोठे घेतले, ती बचत मुळात नव्हतीच. छत्तीस वर्षे व्याजाचे कोष्टक पाठ असलेल्या माणसाने हा हिशेब केला नाही.

हेल्मेट विकत घेताना मूल बरोबर न्या. सरप्राइज वगैरे सायकलचे द्या, हेल्मेटचे नको. आधी चकती पूर्ण सैल करा, हेल्मेट घाला, ते सपाट बसले पाहिजे. पुढची कड आणि भुवया यांच्यामध्ये आपली दोन बोटे मावली पाहिजेत, तिसरे बोट मावता कामा नये. आपल्याकडे बहुतेक मुलांचे हेल्मेट मागे सरकवलेले दिसते, कपाळ मोकळे, फोटोत चेहरा दिसावा म्हणून. पुढे पडल्यावर हेच कपाळ आधी लागते. मग चकती आवळा. आता मुलाला सांगा, "नाही नाही म्हण." मान जोरात हलवली की हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. हेल्मेट एकटेच हलले तर माप मोठे आहे. दुसरे माप मागा. दुकानदार "रुमाल घाला आत" म्हणाला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

पट्ट्यांकडे कोणी बघत नाही. दोन पट्टे कानाच्या पुढून-मागून येऊन कानाच्या पाळीखाली मिळाले पाहिजेत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. कान त्या व्हीच्या मधे. ही जागा सरकवता येते, पण दुकानातून आलेले हेल्मेट बहुधा तसेच वापरले जाते, पट्टा कानावरून जातो, मूल कान खाजवत बसते आणि आपण म्हणतो, "त्याला हेल्मेट आवडत नाही." हनुवटीखाली एक बोट जेमतेम जाईल इतकाच सैलपणा ठेवा. मुलाला मोठा आ करायला सांगा. आ केल्यावर डोक्यावर हेल्मेट थोडे खाली ओढल्यासारखे वाटले तर बरोबर. आता कडेला हात घालून ते मागे ढकलून पाहा. माझे पहिले हेल्मेट या एका ढकलण्याने गळ्याशी आले असते. अर्ध्या मिनिटाचे काम होते हो.

हे सगळे बरोबर केले तरी मूल ते घालून राहिले पाहिजे, नाहीतर हेल्मेट हँडलला टांगलेले राहते. नातीने टाके निघाल्यावर हेल्मेटकडे बघायलाही नकार दिला. तिच्या लेखी हेल्मेट घातले म्हणूनच ती पडली होती. आणि तिचे अगदीच खोटे नव्हते. नवीन आणले, मापाचे, ती रडली. काय दुखते हे तिला सांगता येईना. शेवटी आमच्या सौ.नी शोधून काढले. मी बकल लावताना दर वेळी हनुवटीखालची कातडी त्यात चिमटत होतो! मोठ्यांची बोटे, बारीक बकल. तेव्हापासून आम्ही बकलच्या मागे आपले बोट ठेवून मगच लावतो. काही हेल्मेटना बकलच्या मागे कापडी पट्टी असते, काहींना चुंबकाचे बकल असते, तेही चिमटत नाही. घेताना हे जरूर बघा. मूल हेल्मेट का घालत नाही याचे कारण पुष्कळदा या अर्ध्या इंचात सापडते.

बाकी सोयीचे म्हणाल तर, आपल्याकडच्या हवेत पुढे-मागे मोठी भोके हवीत, म्हणजे वारा खेळतो. एप्रिल-मे मध्ये सायकल साडेपाचनंतरच काढा, हेल्मेटला दोष देऊ नका. लहान मुलाचे हेल्मेट पाव किलोच्या आसपास असले की पुरे. मुलींचे केस हा प्रश्न आहे. उंच पोनीटेल किंवा डोक्यावर बुचडा बांधला की हेल्मेट टेकतच नाही, वर तरंगते. वेण्या मानेपाशी खाली बांधा, चापाच्या पिना काढा. खाली जाड टोपी किंवा कानटोपी नको. आणि ज्या घरी केसांना चपचपीत तेल लावतात त्या घरी, म्हणजे आमच्याच घरी, आतले पॅड महिनाभरात वास मारायला लागतात. ते काढता येतात. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. रंग मुलाला निवडू द्या, तेवढे त्याचे राज्य. उन्हात तापलेल्या गाडीत हेल्मेट ठेवू नका, थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, आतला थर खराब होतो. मोठ्या भावाचे धाकट्याला चालेल, पण त्याला माप बसत असेल, कुठे तडा नसेल आणि ते आधी आपटलेले नाही हे तुम्हाला स्वतःला माहीत असेल तरच. म्हणून ओळखीपाळखीतून आलेले जुने हेल्मेट मी घेणार नाही.

सायकलच्या मागे लहान मुलासाठी खुर्ची बसवणारे आपल्याकडे तीन-चार तरुण बाप आहेत. त्यांच्यासाठी : खुर्चीला पाठ उंच असते, आणि हेल्मेट मागे टोकदार असले तर पाठीला टेकून मुलाचे डोके पुढे ढकलले जाते, मूल मान खाली घालून बसते. मागून चपटे असलेले घ्या. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर नेऊच नका. त्याच्या मानेला हेल्मेटचे ओझे झेपत नाही.

स्कूटरचाही एक शब्द बोलतो, कारण सकाळी साडेसातला गेटपाशी उभे राहिले की दिसते : पुढे उभे मूल, मागे बसलेले मूल, आणि हेल्मेट फक्त बाबांना. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने लागते. चार वर्षांखालच्यांसाठी केंद्र सरकारचा 2022 चा नियम आहे, तो 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, वेग ताशी 40 च्या आत, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट. ते स्वतःच्या डोक्याला बसणारे असावे असे नियमातच म्हटले आहे, आणि आत्ता सांगितलेल्या युरोपच्या मानकाचे सायकलचे हेल्मेटही या वयाला चालते. वाढत्या अंगाचे सरकारलाही मंजूर नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती ऐकून मी स्वतः दचकलो होतो. सायकलवरून उतरून मूल बागेत पळाले, तर आधी हेल्मेट काढा. घसरगुंडी, शिडी, जंगलजिम, झोपाळा, झाड, यांवर हेल्मेट घालून चढायचे नाही. दोन दांड्यांमधून मुलाचे अंग जाते पण हेल्मेट जात नाही. ते अडकते, मूल हनुवटीच्या पट्ट्याला लटकते. परदेशात अशाने मुले गेलेली आहेत. त्यामुळे युरोपात अगदी लहान मुलांसाठी 1080 क्रमांकाचे वेगळे मानक केले. त्यात ओढ बसली की बकल आपोआप सुटते. आपल्या बागेच्या फाटकाशी एक खुंट्यांची फळी लावावी, मुलांनी हेल्मेट तिथे टांगून आत जावे, अशी माझी समितीला लेखी विनंती आहे. फळीचा खर्च मी देतो.

हेल्मेट हा शेवटचा बचाव आहे, पहिला नाही. सी विंगच्या त्या जाळीचे गज रॅम्पच्या दिशेने होते, त्यात चाक जात होते. समितीने ती आता आडव्या गजांची केली, त्याबद्दल आभार. सायकलही वाढत्या अंगाची घेऊ नका. पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि ब्रेकला बोटे पोहोचली पाहिजेत. आणि मूल डोक्यावर पडले तर हेल्मेट होते म्हणून निश्चिंत राहू नका. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, झोपाळल्यासारखे वाटले, बोलण्यात घोटाळा झाला, तर हळद लावत बसू नका, सरळ दवाखाना.

नातीचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात असेल. नवीन हेल्मेट आणूनही ती सायकलवर बसेना. महिना गेला. शेवटी मी स्वतःसाठी एक आणले, तिच्यासारखेच निळे, 56 चे. माझी जुनी सायकल तेल घालून काढली. दोघेही हेल्मेट घालून संध्याकाळी खाली आलो. कट्ट्यावरचे हसले. "आता मोर्चाला हेच घालून या," म्हणाले. नात म्हणाली, "आबा, तुमचं मागे गेलंय," आणि तिने दोन बोटे माझ्या भुवयांवर ठेवून ते पुढे ओढले.

ते जुने, मोठे हेल्मेट आज मी बरोबर आणले आहे. हे बघा, इथे डाव्या बाजूला साधा ओरखडासुद्धा नाही. ते कपाळाला मदत करायला तिथे नव्हतेच. आतली ती रुमालाची घडीही ठेवली आहे.

फेरीला अजून पंचवीस मिनिटे आहेत. चहा तयार होईपर्यंत मी बी विंगच्या जिन्यापाशी शिंप्याची टेप घेऊन बसतो. मुलांना हेल्मेट घालूनच पाठवा, आणि आई किंवा बाबा, कोणीतरी एक बरोबर या, कारण पट्टे तुम्हालाच बसवायचे आहेत. ज्यांची हेल्मेटे मोठी निघतील त्यांना घरातून रुमाल आणायला मी सांगणार नाही. त्यांनी आजची फेरी आपल्या आईबाबांचा हात धरून पायी करावी, घंटा मात्र वाजवत.